वर्गातला उकाडा कोणाच्या टेबलावर?

२०२५ मध्ये रमजान ईद ३१ मार्चला होती. ईदेसाठी पुण्याहून गावी आलो आणि मॅनेजरला विचारून महिनाभर तिथूनच काम केलं. गाव जळगाव जिल्ह्यातलं, तापीच्या पट्ट्यातलं. बहिणीची मुलगी तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत चौथीत शिकते. एप्रिलमध्ये एक दिवस ती साडेअकराला घरी आली, दप्तर टाकलं आणि माठाजवळच बसून राहिली. चेहरा लालबुंद. म्हणाली, "मामू, पेपरवर घाम पडला, शाई पसरली." पेपर परिसर अभ्यासाचा होता. त्यातला एक प्रश्न झाडांच्या उपयोगांवर होता.

दुसऱ्या दिवशी तिला सोडायला गेलो तेव्हा वर्ग बघितला. विटांच्या भिंती, वर लोखंडी पत्रे. एक पंखा होता, तो पत्र्याखालची गरम हवाच खाली ढकलत होता. मैदानात एकच निंब, त्याच्या सावलीत मोटरसायकली उभ्या. मुख्याध्यापक सरांशी बोललो. माणूस सज्जन. म्हणाले, "भाऊ, या दोन खोल्यांसाठी तीन वेळा प्रस्ताव पाठवला. वर काय झालं ते मला कोणी सांगत नाही आणि मी जास्त विचारू शकत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. सॉफ्टवेअरच्या कामात एखादी चूक सापडली की तिचं टिकेट निघतं. टिकेटला नंबर असतो, ते कोणाच्या नावावर आहे हे दिसतं आणि ते बंद केलं तर का बंद केलं हे लिहावं लागतं. आमच्याकडेही टाळाटाळ होते, पण ती कोणी केली ते लपत नाही. भाचीच्या वर्गाचं टिकेट तीन वेळा निघालं होतं. ते कोणाच्या टेबलावर पडलं होतं, हे मुख्याध्यापकांनाही माहीत नव्हतं.

विभागाला ऊन माहीत आहे

शिक्षण विभागाला उन्हाची कल्पना नाही, असं नाही. मार्च २०२५ च्या अखेरीस विभागानेच राज्यभरातल्या शाळा सकाळच्या वेळेत भरवायला सांगितल्या. प्राथमिक शाळा सात ते सव्वाअकरा, माध्यमिक सात ते पावणेबारा. कारण उन्हाळा. त्याच विभागाने पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात ठेवल्या आणि वेळापत्रक साऱ्या राज्याला एकच दिलं. महाबळेश्वरला आणि भुसावळला एकच.

आता जूनचं बघा. भुसावळहून अकोल्याकडे जाताना बोदवडनंतर मलकापूर येतं. बोदवड जळगाव जिल्ह्यात, मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात. २०२५ मध्ये विदर्भातल्या शाळा २३ जूनला उघडल्या, बाकीच्या महाराष्ट्रातल्या १६ जूनला. विदर्भाला ही सवलत दरवर्षी तिथल्या तापमानामुळे मिळते आणि ती योग्यच आहे. पण बोदवडच्या पोरांना मलकापूरच्या पोरांपेक्षा कमी ऊन लागतं, असं कोणी म्हणणार नाही. मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की हवामान खातं त्याला उष्णतेची लाट म्हणतं. जळगाव आणि भुसावळने हा आकडा अनेक उन्हाळ्यांत ओलांडला आहे. धुळे, शिरपूर, शिंदखेड्याचा उन्हाळाही काही सौम्य नाही.

मला सुट्टी वाढवून मागायची नाही. आमच्याकडच्या मुलांची शाळा आधीच कमी होते. माझा मुद्दा एवढाच की तापमान हा निर्णयाचा आधार असू शकतो, हे विभागाने मान्य केलेलं आहे. मग खान्देशासाठी तो आधार का लागू होत नाही, आणि वेळ बदलली तरी छप्पर का बदलत नाही, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. सकाळी दहा वाजता पत्रा तापलेला असतो. सातला शाळा भरवून शेवटचे दोन तास वाचत नाहीत.

शिकवायचं मुलांना, वागायचं कोणी?

पर्यावरण हा विषय आपल्या अभ्यासक्रमात कोणाच्या मेहेरबानीने आलेला नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ ला आदेश दिला की शाळा-कॉलेजांत पर्यावरण हा सक्तीचा विषय असावा. अंमलबजावणी रखडली, म्हणून डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं. त्यातून पदवीला सहा महिन्यांचा सक्तीचा पेपर आला. आपल्या राज्यात अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हे पुस्तक आहे, नववीला 'जलसुरक्षा' आहे.

मी धुळ्याला इंजिनिअरिंग केलं. तो सक्तीचा पेपर मलाही होता. त्यासाठी प्रकल्प करायचा होता आणि माझा विषय होता पांझरा नदीचं प्रदूषण. कॉलेजला जाताना रोज पांझरेचा पूल ओलांडायचो. पण प्रकल्प एका सीनियरच्या फाइलमधून उतरवला, दोन फोटो डकवले आणि मार्क घेतले. नदीत उतरून एक बाटली पाणी भरलं नाही. कोणी विचारलंही नाही. ती चूक माझीच. पण आता वाटतं, विषय शिकवणाऱ्या यंत्रणेला कागद हवा होता आणि मी तिला कागद दिला.

आज शाळांमध्ये तेच मोठ्या प्रमाणावर चालतं. इको क्लब स्थापन करा, रोप लावा, मुलासोबत फोटो काढा, पोर्टलवर टाका. फोटो किती चढले याचा आढावा घेतला जातो. ते रोप मे महिन्यात जगलं का, त्याला पाणी कुठून आलं, याचा आढावा मी तरी पाहिलेला नाही. शाळांची सगळी माहिती 'यू-डायस प्लस' या प्रणालीत दरवर्षी भरली जाते. खोल्या किती, नळ आहे का, शौचालय आहे का, सौर पॅनेल आहे का. वर्गात उकाडा किती, हा रकाना तिथे नाही. डेटाबेसवर काम करणारा माणूस म्हणून सांगतो, जे रकान्यात नसतं त्याचा अहवाल निघत नाही आणि ज्याचा अहवाल निघत नाही त्यासाठी पैसे मागता येत नाहीत.

कायदा मात्र यापेक्षा पुढे आहे. २००४ मध्ये तामिळनाडूतल्या कुंभकोणमला शाळेचं गवती छप्पर पेटलं आणि ९० हून अधिक मुलं गेली. त्यानंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये स्पष्ट केलं की शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. त्याच वर्षी शिक्षण हक्क कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात सर्व ऋतूंत वापरता येईल अशी इमारत आणि पिण्याचं सुरक्षित पाणी या गोष्टी लिहिलेल्या आहेत. सर्व ऋतूंत उन्हाळाही येतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सहा महिन्यांत शाळांमध्ये पाणी आणि शौचालयं पुरवायला सांगितलं. म्हणजे उपकार मागायचे नाहीत, जे लिहून ठेवलंय ते मागायचं आहे.

दहा रुपयांचा स्टॅम्प

मे महिन्यात मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. साधा जोडपत्र 'अ'चा नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, म्हणून तीनच गोष्टी मागितल्या. तालुक्यातल्या किती वर्गखोल्यांवर पत्रे आहेत, गेल्या तीन वर्षांत त्यांच्या दुरुस्तीचे किती प्रस्ताव आले आणि प्रत्येकाचं काय झालं.

अर्ज द्यायला गेलो तेव्हा टेबलावरच्या भाऊसाहेबांनी नाव वाचलं आणि विचारलं, "उर्दू शाळेचा विषय आहे का?" मी म्हटलं, "नाही, तालुक्यातल्या सगळ्या शाळांचा आहे." त्यांनी अर्ज पुन्हा वाचला. त्यांच्या विचारण्यात वाईट काही नव्हतं. आपल्या नावाचा माणूस उर्दू शिक्षकाच्या पदासाठी नाहीतर अल्पसंख्याक शिष्यवृत्तीसाठी येतो, एवढाच त्यांचा अनुभव होता.

उत्तर आलं की माहिती या कार्यालयात एकत्रित उपलब्ध नाही, अर्ज मुख्याध्यापकांकडे हस्तांतरित करण्यात येत आहे. आमच्या भाषेत, टिकेट दुसऱ्याच्या नावावर ढकललं. मी वैतागलो. पण पुढच्या पंधरा दिवसांत पोस्टाने पत्रं येऊ लागली. कोणी टाइप केलेलं, कोणी हाताने लिहिलेलं. कुठे एक खोली, कुठे चार. एका बाईंनी तिन्ही वर्षांच्या प्रस्तावांचे जावक क्रमांक तारखांसह लिहून पाठवले होते. त्यांनी ते जपून ठेवले होते, कोणीतरी कधीतरी विचारेल म्हणून.

मी ती पत्रं एका तक्त्यात भरली. मराठी शाळा, उर्दू शाळा, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या तडवी आणि पावरा वस्त्यांतल्या शाळा. तक्ता भरल्यावर दिसलं की पत्र्याच्या खोल्यांना भाषा नाही. त्या गावाच्या टोकाला, नंतर वाढलेल्या वस्त्यांत आणि पट वाढला म्हणून घाईने बांधलेल्या शाळांत आहेत. गरिबाचं पोर जिथे शिकतं तिथे पत्रा आहे.

मग वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणीत साहेबांनी आधी विचारलं, "तुम्ही पत्रकार आहात का?" मी सांगितलं, "एका विद्यार्थिनीचा मामा आहे." तक्ता पुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि कार्यालयाला एकत्रित यादी तयार करण्याचा लेखी आदेश दिला. ती यादी आता तालुक्याच्या कार्यालयात आहे. मिळालं ते इतकंच. भाचीच्या शाळेवर अजून तेच पत्रे आहेत. पण पुढच्या वेळी "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर त्या टेबलावरून देता येणार नाही.

"यात आपल्या कौमचा काय फायदा?"

हा प्रश्न मला कार्यालयात कोणी विचारला नाही. मोहल्ल्यात विचारला, मशिदीबाहेर, चांगल्या आणि शिकलेल्या लोकांनी. आपले प्रश्न काय कमी आहेत, पत्र्याचं काय घेऊन बसलास?

त्यांच्या बोलण्यातला थकवा मी समजतो. शिष्यवृत्ती, रिक्त पदं, दाखल्यावरचं चुकीचं नाव, या सगळ्यासाठी खेटे घालून लोक दमलेत. पण पर्यावरण म्हणजे पोटभरल्या लोकांचा विषय, ही समजूत आपल्या वस्त्यांकडे बघितलं तरी टिकत नाही. उघडी गटार शाळेच्या भिंतीला लागून कुठे असते? कचरा कोणत्या मैदानाशेजारी जाळतात? टँकर कोणत्या गल्लीत शेवटी येतो? हे सगळं पर्यावरणच आहे. तिथे आपलीच मुलं बसतात आणि त्यांच्या बाजूला दुसऱ्यांचीही बसतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपण फक्त आपल्या प्रश्नासाठी कार्यालयात जातो तेव्हा समोरचा आपल्याला अर्जदार समजतो. सगळ्यांच्या प्रश्नासाठी गेलो की तो नागरिक समजायला लागतो. भाऊसाहेबांनी अर्ज पुन्हा वाचला तो त्यामुळेच. तक्ता बनल्यावर गावातल्या एका पाटलांनी मला घरी बोलावलं. त्यांच्या नातवाच्या शाळेवरही पत्रे होते. त्या दिवसापर्यंत आमचा एकमेकांशी संबंध फक्त 'काय भाऊ, कसं काय' इतकाच होता.

आता आपल्या घरातलंही बोलू. खान्देशात अनेक उर्दू शाळा आपल्याच संस्था चालवतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये प्रमती खटल्यात ठरवलं की अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. राज्यघटनेच्या कलम ३० ने दिलेलं हे संरक्षण मौल्यवान आहे. पण ते संस्थेची ओळख जपण्यासाठी आहे, गळकी टाकी आणि तापलेला वर्ग झाकण्यासाठी नाही. मुलं ही अमानत आहेत असं आपण संमेलनात म्हणतो. मग जो प्रश्न सरकारी कार्यालयाला विचारायचा, तो आपल्या ट्रस्टच्या बैठकीतही विचारला पाहिजे. ज्या संस्थेला सरकारी अनुदानाचा मोठा आधार आहे, तिला माहितीचा अधिकारही लागू होतो. अर्ज करायची वेळ येण्याआधी संस्थेने स्वतःच फलक लावावा, हे बरं.

आता जानेवारी आहे

उन्हाळ्याच्या तक्रारी आपण एप्रिलमध्ये करतो, तेव्हा आर्थिक वर्ष संपून गेलेलं असतं. म्हणून आत्ताच करायच्या काही गोष्टी सांगतो. यातलं काहीही करायला वकील लागत नाही.

पहिलं, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती बनवते. तुमची बहीण, वहिनी, शेजारी कोणी या समितीवर आहे का विचारा. असेल तर पुढच्या बैठकीच्या ठरावात छप्पर, पाणी आणि सावली हे तीन शब्द येऊ द्या. ठरावाची प्रत घ्या.

दुसरं, पैसे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटसंख्येनुसार दहा हजारांपासून एक लाखापर्यंत संयुक्त अनुदान मिळतं आणि त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. ग्रामपंचायतीला २०२५-२६ पर्यंत पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी ठरला होता, त्यातला साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. शाळेचा नळ अशा निधीतून होऊ शकतो. ग्रामसभेत विचारा.

तिसरं, लेखी तक्रार. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. तोंडी विनंती दहा वेळा करण्यापेक्षा पोच घेतलेला एक कागद बरा.

चौथं, माहितीचा अधिकार. तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं. एका तालुक्यात दोघातिघांनी मिळून करा आणि आलेली उत्तरं एका तक्त्यात भरा. कॉम्प्युटर येणारी मुलं आता प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

पाचवं, मुख्याध्यापकांना शत्रू करू नका. वरून दट्ट्या त्यांनाच बसतो. अर्ज करण्याआधी त्यांना जाऊन सांगा की प्रश्न तुमच्याविरुद्ध नाही. मला ज्यांनी जावक क्रमांक लिहून पाठवले, त्याही मुख्याध्यापिकाच होत्या.

आणि हे सगळं चालू असताना हातानेही काही करता येतं. आमच्या आजीचं घर धाब्याचं होतं, मातीच्या जाड छताचं, मे महिन्यातही आत बसवत असे. पत्र्याचं धाबं होत नाही, पण पांढरा चुना मारला तर पत्रा कमी तापतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पालकांनी भाचीच्या शाळेच्या दोन खोल्यांवर चुना मारला. पाटलांचा मुलगा शिडी घेऊन आला होता. काम झाल्यावर मुख्याध्यापक सर आभार मानू लागले तेव्हा मी त्यांना एक विनंती केली. चौथा प्रस्ताव पाठवा, त्यात लिहा की चुना पालकांनी स्वखर्चाने मारला आहे आणि तो पावसात धुऊन जाणार आहे. छप्पर विभागाने द्यायचं आहे.

प्रस्ताव गेला आहे. जावक क्रमांक माझ्याकडे आहे. या महिन्यात त्याचं काय झालं, हे विचारायला मी आणि पाटलांचा मुलगा मिळून जाणार आहोत.